आम्ही स्पेन पाहायला कराडला गेलो

लोक स्पेन पाहायला विमानानं जातात. आम्ही एसटीनं गेलो आणि साताऱ्याला उतरलो. परत आल्यापासून शेजारीपाजारी विचारतात, "कसा झाला दौरा?" प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगणं आता जमत नाही, म्हणून हे एकदाच लिहून टाकते.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. माझा नवरा मुकुंद पुण्यात स्पॅनिश शिकवायचा. त्या भाषेतले चित्रपट जमवणं, ते पुन्हा पुन्हा पाहणं आणि त्यांना स्वतः मराठी ओळी लिहून पडद्याखाली बसवणं हे त्याचं वेड. मी टेलिफोन खात्यात होते. उभं आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलं आणि चित्रपट लागला की मला झोप येते. असा आमचा छत्तीसाचा आकडा असूनही संसार बरा झाला, कारण तो बोलायचा आणि मी ऐकायचे. खरं सांगायचं तर ऐकल्यासारखं करायचे.

गेल्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता तो शाळकरी पोरासारखी पाटी जवळ ठेवतो आणि काही हवं असलं की लिहितो. चहा, पंखा, खिडकी लाव. एवढंच. मित्र भेटायला आले की हा झोपेचं सोंग घेऊन पडायचा. खाली फिरायला जाणंसुद्धा सोडलं होतं.

या दौऱ्याचं ठरलं होतं ऑपरेशनच्या आधी. ठरवणारा आप्पा. मुकुंद आणि तो कराडजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. आप्पा पुढं सैन्यात गेला, सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या पलटणीत होता, सुभेदार होऊन घरी आला. त्यानं ओळखीपाळखीनं पाच ठिकाणं जमवली होती आणि प्रत्येक ठिकाणी स्पॅनिश सिनेमाचा एकेक काळ मुकुंदनं उलगडून दाखवायचा होता. ऑपरेशननंतर मुकुंदनं "रद्द कर" असं कळवलं, तर आप्पा तडक पुण्याला येऊन बसला.

"मुकुंदा, मी लोकांस्नी सांगून बसलोय गड्या. तू नुसता ये. बोलायचं वहिनी बगतील."

वहिनी तेव्हा आत चहा टाकत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुकुंदनं बराच वेळ पाटी हातात धरली आणि मग लिहिलं, "येतो. पण हा शेवटचा. आल्यावर सगळ्या डिस्क कुणाला तरी देऊन टाकायच्या." आप्पाला वाटलं, केवढं हे मोठं मन! मला मात्र ते मोठं मन वाटलं नाही. मी या माणसाला ओळखते. ते चित्रपट घरातून गेले की तो भिंतीकडं तोंड करून बसणार आणि पुन्हा उठणार नाही. त्यानं परत येऊन ते कुणाला देऊ नयेत, एवढंच मला या प्रवासातून हवं होतं. चकल्यांच्या डब्याबरोबर मी तेवढी एक इच्छा पिशवीत घालून निघाले.

सातारा

साताऱ्याला आप्पा त्याची जुनी जीप घेऊन उभा होता. मागं प्रोजेक्टर, स्पीकर आणि कडक इस्त्री केलेला पांढरा पडदा. हे सगळं त्यानं फौजेच्या शिस्तीत बांधलेलं होतं. कंदी पेढे घेतल्याशिवाय तो जीप चालू करीना. मुकुंदला ऑपरेशनपासून गिळायला जरा वेळ लागतो. त्यानं पेढा दुधात कुस्करून खाल्ला आणि अंगठा वर केला. पुण्यात आपण दुकानात पेढे मागतो आणि दुकानदार उपकार केल्यासारखे देतो. इथं आधी हातावर एक ठेवतात, मग किती पाहिजेत ते विचारतात.

कार्यक्रम एका सभागृहात होता. आपल्याकडं सत्काराशिवाय सिनेमा सुरू होत नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, मुकुंदला फेटा बांधला, मला ओटीचं साहित्य दिलं. मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. शेवटी मी माइकपुढं उभी राहिले आणि आधी तो दोन्ही हातांनी धरला. खात्यात मी हजारो लोकांशी बोलले असेन, पण त्यातल्या एकानंही माझं तोंड पाहिलं नव्हतं!

मुकुंदनं पाटीवर थोडं थोडं लिहायचं आणि मी वाचायचं, असं ठरलं होतं. सुरुवात मूकपटांपासून. स्पेनमध्ये चित्रपट आला तो जत्रांतून, तंबूत. पडद्यावरच्या माणसांना आवाज नसायचा आणि बघणाऱ्यांपैकी अनेकांना वाचता येत नसे. म्हणून पडद्याच्या कडेला एक माणूस उभा राहायचा आणि गोष्ट सांगायचा. तोच राजा, तोच चोर, तोच रडणारी आई. लोक कधीकधी चित्रपटासाठी नाही, त्या सांगणाऱ्यासाठी तिकीट काढायचे.

हे ऐकल्यावर पुढच्या रांगेतले एक आजोबा हात वर न करताच बोलू लागले. "आवं, आमच्या जत्रंत बी तंबू यायचा की. बाप्ये एकीकडं, बाया एकीकडं. आन् मशीन बंद पडलं का मालक भाईर येऊन सोता गोष्ट पुरी करायचा." सगळे हसले. स्पेन आणि सातारा यांच्यामधला समुद्र तेवढ्यात आटून गेला.

मी मात्र घाबरून मुकुंदचं निम्मं गाळलं. तो दिव्यांवर, कॅमेऱ्यावर, कुठल्या शहरात काय झालं यावर भरभरून लिहीत होता आणि मी "म्हणजे थोडक्यात" म्हणून पुढं जात होते. चित्रपट सुरू झाल्यावर अंधारात त्यानं पाटी माझ्यापुढं धरली. "मी हे म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, "मग स्वतः म्हण." तोंडातून शब्द गेला आणि माझं मलाच वाईट वाटलं. त्यानं पाटी पुसून खाली ठेवली. घरी येईपर्यंत हा आता एक अक्षर लिहिणार नाही, अशी माझी खात्री झाली.

कराड

सकाळी आप्पानं आम्हाला प्रीतिसंगमावर नेलं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते पाहायला मुकुंद लहानपणापासून किती वेळा आला असेल! तो पायरीवर बसला आणि मी त्याच्याशेजारी बसले. आम्ही दोघंही गप्प. पण आज त्याचं गप्प बसणं आणि माझं गप्प बसणं सारखंच होतं, कारण तिथं आलेले सगळेच गप्प होते. मला ती सकाळ फार आवडली.

दुपारी अख्खा मसूर आणि रोटी. हायवेवर प्रत्येक धाब्यानं "खरा अख्खा मसूर आमचाच" अशी पाटी लावलेली आहे. आप्पा म्हणाला, "वहिनी, समदेच खरं हायती. मसूर खोटं कवा बोलत न्हाई." मुकुंदनं हळूहळू का होईना, वाटीभर संपवला.

कराडचा कार्यक्रम कॉलेजच्या मुलांचा आणि आप्पाच्या निवृत्त फौजी मित्रांचा. मुकुंदनं पाटी पुन्हा हातात घेतली. इथं उलगडायचा काळ कठीण होता. स्पेनमध्ये भाऊ भावावर बंदूक रोखून उभा राहिला ते यादवी युद्ध, मग हुकूमशहाची राजवट. चित्रपट कुठले? गोड आवाजाची लहान मुलं, झगे फिरवत नाचणाऱ्या पोरी, शूर सैनिक, पुण्यवान साधू. बाहेर लोक रांगेत उभे राहून पाव मिळवत होते आणि पडद्यावर गाणी चालली होती. परदेशी चित्रपट आले तर त्यांची बोली स्पॅनिशमध्ये बदलायचीच, असा कायदा होता. बोली बदलता बदलता मजकूरही बदलायचा. एका परदेशी चित्रपटात लग्न झालेली बाई दुसऱ्याच्या प्रेमात पडते. सेन्सॉरला हे चालेना. म्हणून आवाज देताना त्या नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकलं. आता एकाच खोलीत राहणारी ही भावंडं एकमेकांकडं अशी काय बघतात, ते स्पेनमधल्या प्रेक्षकाला कळेना.

सगळं सभागृह खो खो हसलं. तेवढ्यात मागून एक माजी हवालदार उठले. मोठ्या मिशा, आणि चेहरा अगदी गंभीर.

"मॅडम, एक शंका हाय. सर लिवत्यात आन् तुमी बोलताय. मग तुमी सरांचं बराबर सांगताय ह्ये आमी कसं मानायचं?"

 असा हशा उठला की पंखे हलले असावेत. मी मुकुंदकडं पाहिलं. त्याचे खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज न करता हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते आणि तो माझा नवरा होता. ऑपरेशननंतर तो हसला नव्हता. त्या हवालदारांना मी नंतर शोधून वाकून नमस्कार केला. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

एक चूक मात्र त्या दिवशी मी केली. चित्रपटाआधी सगळ्यांना तंबी दिली, की मुकुंदनं मेहनतीनं खाली मराठी ओळी लिहिल्या आहेत, त्या शांतपणे वाचा आणि कृपा करून बोलू नका. कराडकर शहाणे. एकानंही हूं की चूं केलं नाही. पण पुढं बसलेल्या फौजी मंडळींच्या घरच्या म्हाताऱ्या बायका मध्येच एकेक करून उठून गेल्या. मला वाटलं, त्यांना कंटाळा आला असेल.

पाटण

कराडहून पाटणला जाताना कोयना सोबत चालते. ऊस मागं राहतो, डोंगर जवळ येतात आणि हवेत गारवा येतो. पुण्यात माघात आपण पंखा लावायला सुरुवात करतो. पाटणला आम्ही शाल पांघरून बसलो. ज्या घरी उतरलो तिथल्या मालकीण, शालनताई, यांनी नाचणीची भाकरी, लसणीची चटणी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. मुकुंदला भाकरी गिळवेना हे त्यांनी न सांगता ओळखलं आणि ताकात नाचणीची आंबील करून आणली. "आवं पावणं, ही आपसूक खाली जाती," म्हणाल्या. दुसऱ्याला न लाजवता त्याची अडचण सोडवणं ही मोठी कला आहे आणि ती आम्हा पुणेकरांना शिकवायला हवी.

पडदा एका मोकळ्या मैदानात लावला होता. वारा असा सुटला की स्पेन पडद्यावर नांदेना. नायकाचं नाक एकदा कानाजवळ, एकदा गळ्यापाशी. आप्पानं शेवटी पडद्याच्या चारी कोपऱ्यांना चार दगड बांधले.

आता काळ साठ-सत्तरच्या दशकांचा. या काळात स्पेनमध्ये दोन तऱ्हा होत्या. एकीकडं समुद्रकिनाऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या पाहुण्या बाया आणि त्यांच्यामागं धावणारे ढेरपोटे स्पॅनिश पुरुष, असले विनोदी चित्रपट. दुसरीकडं काही हुशार मंडळी हुकूमशहाचं नाव न घेता त्याच्याविषयीच बोलत होती. मुकुंदनं पाटीवर यावर दहा ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या आणि शेवटी माझ्या पदरचं घातलं, "म्हणजे लेकी बोले, सुने लागे." बायकांच्या गर्दीतून एकदम हुंकार आला. मुकुंदनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. पसंतीची होती ती.

चित्रपटात एक मोठं घर होतं. बाप सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडतो आणि त्याला विचारल्याशिवाय घरात कुणाला खिडकी उघडता येत नाही. थोडा वेळ गेला आणि मला कुजबुज ऐकू आली. शालनताई आपल्या सासूबाईंच्या कानाशी लागून खालच्या ओळी वाचून दाखवत होत्या. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. शेजारची म्हणाली, "अगं मोठ्यानं वाच की, आमाला बी ऐकू दे." मग शालनताई मोठ्यानं वाचू लागल्या. बापाची ओळ आली की आवाज घोगरा करायच्या, मुलीची आली की बारीक. मग पुरुषांतून कुणीतरी बापाच्या ओळी घेतल्या, एका पोरीनं मुलीच्या घेतल्या. जराशानं सगळं मैदानच वाचत होतं! "खिडकी उघडू का?" "मला विचारल्याशिवाय नाही!"

कराडच्या म्हाताऱ्या बायका का उठून गेल्या ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. कानाशी लागून वाचणाऱ्या सुनांची तोंडं मीच बंद केली होती.

पण माझा जीव खरा टांगणीला लागला तो मुकुंदमुळं. आयुष्यभर या माणसानं चित्रपट देवळात बसल्यासारखे पाहिले. घरी चित्रपट चालू असताना मी भाजी चिरली तरी त्याला विळीचा आवाज खुपायचा. तो उठला. मला वाटलं, गेला जीपमध्ये जाऊन बसायला. तो अंधारातून चालत प्रोजेक्टरपाशी गेला, आप्पाला बाजूला केलं, वाकला. आणि स्पॅनिश आवाज हळूहळू बारीक होत गेला. शालनताई नीट ऐकू याव्यात म्हणून त्यानं मूळ चित्रपटाचा आवाज कमी केला होता.

परत येऊन बसल्यावर त्यानं फक्त मला दिसेल अशी पाटी धरली. "माझ्या ओळी तिच्या तोंडी बऱ्या लागतात." मी त्याचा हात हातात घेतला. पाटणकरांचे उपकार मी कसे फेडणार, मला कळत नाही.

इस्लामपूर

इस्लामपूरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. एकीच्या मागं दुसरी, तिच्या मागं आमची जीप. पुढं जायला वाव नाही, पण ट्रॉलीवाल्यानं आप्पाला ओळखलं आणि चार कांडी मागं फेकली. मुकुंदनं वाटेतल्या रसवंतीवर त्यांचा रस काढून घेतला, मी दातांनी सोलून खाल्ली. या वयात दात शाबूत आहेत याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

इथल्या वाट्याला आला होता हुकूमशहा गेल्यानंतरचा काळ. झाकण निघालं आणि स्पेनमधल्या चित्रपटवाल्यांनी इतक्या वर्षांचा उपास एका दमात सोडला. काही वर्षं पडद्यावर कपडे घातलेली माणसं दिसणं मुश्किल झालं. मग ते अजीर्ण ओसरलं आणि ऐंशीच्या दशकात रंग आले, मोठ्यानं बोलणाऱ्या बायका आल्या, पुरुषावर प्रेम करणारे पुरुष आले, टोमॅटोसारखी लालभडक स्वयंपाकघरं आली. मुकुंदनं त्यातला त्यात सोवळा चित्रपट निवडला होता. पण सोवळा झाला तरी स्पेनचाच.

पहिलं चुंबन आलं आणि पडदा काळा झाला. लोकांना वाटलं, वीज गेली. ते संपलं, उजेड आला. दुसरं आलं, पुन्हा अंधार. मी वळून पाहिलं तर आप्पा प्रोजेक्टरच्या तोंडावर पंजा ठेवून उभा. आयाबाया बसल्यात म्हणून त्यानं आपल्या मनानंच हा बंदोबस्त केला होता! स्पेनचा सेन्सॉर कधीच मेला, पण आप्पाचा पंजा जिवंत होता.

तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा पुढून एक आजीबाई ओरडल्या, "काढ की रं हात! आमी काय लगीन न करता हितवर आलो व्हय?"

मग काय विचारता! बाया पदर तोंडाला लावून हसतायत, पुरुष खाली बघतायत, आप्पाचा चेहरा अंधारातही लाल दिसत असावा. मुकुंद तर खुर्चीतून घसरायच्या बेतात. त्यानं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मी ते जसंच्या तसं, एक शब्द न गाळता, माइकवर वाचलं: "आजी, स्पेनला तुमच्यासारखी एक बाई मिळाली असती, तर त्यांची चाळीस वर्षं वाचली असती."

परतताना आप्पा म्हणाला, "मुकुंदा, चुकलं रं. पण आमच्या घरात टीव्ही बगताना आजून बी मी मदीच उठून पाणी प्यायला जातो." मुकुंदनं त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघं शाळेत असल्यासारखे दिसत होते.

मी मात्र जरा चिंतेत होते. एकच मुक्काम उरला होता. मुकुंद हसत होता, खात होता, लोकांत बसत होता, सगळं खरं. पण त्या सकाळीच त्यानं मला लिहून विचारलं होतं, "डिस्क कुठल्या कॉलेजला द्याव्या?" म्हणजे मनातलं हललं नव्हतं.

सांगलीजवळ

शेवटचं गाव सांगलीपासून जवळच, द्राक्षबागांचं. भूपाल अण्णा आणि रत्नाक्का यांच्या घरी उतरलो. जैन शेतकरी कुटुंब. त्यांच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. मी घरी रात्री उशिरा पोळ्या लाटणारी बाई. उन्हं असताना पाटावर बसताना मला चुकल्यासारखं झालं. पण गरम भाकरी, मुगाची आमटी, दह्यातली काकडी, वर घरचे बेदाणे आणि तूप. कांदा नाही, लसूण नाही, आणि काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही. रत्नाक्का म्हणाल्या, "लवकर खाल्लं का झोप चांगली लागती बगा." मी म्हटलं, "मला चित्रपटातसुद्धा लागते." त्यावर त्या मनापासून हसल्या.

जेवणाआधी अण्णांनी बाग दाखवली. मांडवावर वेली चढलेल्या आणि खाली घड लटकलेले, वाकून चालावं लागतं. अण्णा एकेका घडाला हात लावून सांगत होते, जणू घरातल्या मुलांची ओळख करून देतायत. मुकुंदनं एक मणी तोंडात धरून हळूहळू चोखला आणि डोळे मिटले.

चित्रपट शाळेच्या अंगणात. एका भिंतीला काळा रंग देऊन मोठा फळा केलेला, तिच्याशेजारी आमचा पडदा. आप्पानं आता स्वतःच घोषणा केली, "ज्यास्नी वाचाय येतंय त्यांनी मोठ्यानं वाचायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. आन् मी कुटं बी हात ठेवणार न्हाई."

हा आजच्या काळातला चित्रपट. मुकुंदच्या पाटीवरून मी सांगितलं, की स्पेनमध्ये आता बायका चित्रपट करतायत आणि त्यांचा कॅमेरा शहर सोडून खेड्यांकडं, शेतांकडं वळला आहे. गोष्ट एका द्राक्षं पिकवणाऱ्या कुटुंबाची होती. पहिलंच शेत दिसलं आणि गडबड उडाली.

"मांडव न्हाई की ह्यांच्यात!"

"झुडपावानी हाय बग. भुईवरच!"

"पाणी कमी आसंल गड्या."

मग ओळी सुरू झाल्या आणि अंगण वाचू लागलं. चित्रपटातला म्हातारा एकटा बाग बघतो. मुलं शहरात. ती सुगीला येतात, भांडतात, जेवतात, नाचतात आणि परत जातात. शेवटी एका सकाळी म्हातारा कुणाला न सांगता ट्रॅक्टर बोलावतो आणि सगळी बाग मुळासकट उपटून टाकतो. संपलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाग उपटणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अण्णा मान खाली घालून बसले होते. मग रत्नाक्का उठल्या.

"त्या म्हाताऱ्यानं बाग का वो काढली?"

मी पुढं झाले. माझ्याकडं उत्तर होतं, दुपारी मुकुंदनं लिहून दिलेलं. रत्नाक्कांनी हात केला. "आवं ताई, तुमी बसा. सरांस्नी इचारलंय मी."

मुकुंद उठला. पाटी त्यानं खुर्चीवरच ठेवली आणि त्या काळ्या भिंतीपाशी गेला. तिथं खडू होता. तो लिहू लागला आणि त्याच्या हाताखालून शब्द बाहेर पडेल तसा तो सगळं अंगण वाचू लागलं. चित्रपटभर लोक तेच तर करत आले होते, कुणाला सांगावं लागलं नाही. म्हातारे, पोरं, बाया, एका आवाजात.

"त्याला... वाटलं... आपल्या... माघारी... ही... कोण... बघणार."

मुकुंद दचकून थांबला. त्यानं वळून पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडं वळून लिहिलं, जरा भरभर, आणि आवाज त्याच्याबरोबर भरभर धावला. "म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं संपवली." तो अर्ध्यात थांबला की लोक थांबायचे, दम धरायचे. वर्गात तो असाच थांबायचा. मला ते थांबणं ओळखीचं होतं.

 रत्नाक्का अजून उभ्याच होत्या.

"पर इचारायचं तरी हुतं की कुणाला," त्या म्हणाल्या. "कुणीतरी म्हटलं आसतं, ठेवा म्हणून."

मुकुंद भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पाठमोरा. या पाठीची मला वर्षभर भीती वाटत आली होती. मी उठून त्याच्याकडं जाणार होते, पण पाय उचलला नाही. बराच वेळ खडू भिंतीवर टेकलेला तसाच राहिला. कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. एवढी माणसं एका माणसाच्या शब्दासाठी इतकी थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या थांबण्यासाठी मी या मुलखाची जन्मभर ऋणी राहीन.

मग त्यानं बाहीनं डोळे पुसले, त्याच ओल्या बाहीनं भिंत पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. मी खाली बायकांत बसले होते. पहिला शब्द पूर्ण झाला तसा माझ्या दोन्ही बाजूंनी आवाज उठला आणि मीही वाचलं, सगळ्यांबरोबर, घसा फुटेस्तोवर:

"पुढच्या... वर्षी... कुठला... दाखवू?"